हातभर आधी

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं बाहेर यायचं. एरवी गोदामात सगळे त्याला 'येऊद्या' म्हणत, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो तेवढंच बोलायचा. गोदामाच्या मागे कमरेइतका उंच सिमेंटचा ओटा होता, त्याला धक्का म्हणत. मालाचे ट्रक उलटे येऊन त्या धक्क्याला लागायचे, हमाल मधे फळी टाकायचे आणि माल उतरायचा. उलटा येताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, त्याच्या वतीनं बघायचं काम येऊद्याचं. ट्रकच्या अंगावर थापा मारत, मान मागे वळवून धक्क्याकडे बघत तो सांगायचा, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस." आणि ट्रक धक्क्यापासून वीतभर अलीकडे उभा राहायचा. जास्त राहिलं तर फळी पोचत नाही, कमी राहिलं तर धक्क्याचे टवके उडतात. ट्रक बदलले, ड्रायव्हर बदलले, मालकसुद्धा बदलले. येऊद्याचं 'बस' चुकलं नाही.

सध्या मात्र तो गेटपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आलेल्या ट्रकचे नंबर लिहीत होता. मान वळत नव्हती.

झालं होतं ते सांगायला लाज वाटावी इतकं किरकोळ. मेहुण्यानं नवी गाडी घेतली होती. घेतली म्हणजे दाखवायला हवी, म्हणून तो बहिणीला आणि दाजींना फिरवून आणत होता. दाजी पुढच्या सीटवर, पण बसल्या जागी मान मागे. तीस वर्षांची सवय, गाडीत बसला की हा माणूस पुढचा रस्ता बघतच नाही. सिग्नलला गाडी उभी होती. मागून सामान पोचवणारी एक व्हॅन सावकाश येत होती, आणि तिच्या ड्रायव्हरचं लक्ष भलतीकडेच. येऊद्याला ते मागच्या काचेतून स्वच्छ दिसलं. तो म्हणालासुद्धा, "बस, बस." पण व्हॅनवाल्याला ते ऐकू कसं जाणार? दणका बसला. दणका कसला, टपली. मेहुणा उतरला, बंपरवरून रुमाल फिरवला, वाकून बघितलं, आणि परत येऊन म्हणाला, "काही झालेलं नाही."

हे वाक्य त्यानं बंपरबद्दल म्हटलं होतं. पण त्या दिवसापासून ते मानेलाही लागू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊद्याच्या आधी त्याची मान जागी झाली. एक्स-रे काढला, तो निघाला स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, मानेला झटका बसलाय, आतल्या स्नायूंना मार आहे, होईल बरं. थोडे दिवस गळ्याला पट्टा दिला. त्या पट्ट्याच्या दिवसांत येऊद्याची चंगळ होती. हमाल चहाचा कप हातात आणून देत, शेजारी दार उघडून धरत, बायको उशी सारखी करत असे. लोकांना दुखणं कळत नाही, त्यांना पट्टी कळते, प्लास्टर कळतं, टाके कळतात. मग डॉक्टरांनी सांगितलं, पट्टा काढा, फिजिओकडे जा, मान हलती ठेवा. ज्या संध्याकाळी पट्टा निघाला त्याच संध्याकाळी सहानुभूतीही निघून गेली. दुखणं तेवढं राहिलं.

राहिलं असतं तरी परवडलं असतं. ते पसरायला लागलं. आधी खांद्यात उतरलं, मग हातात. मग नळाचं गार पाणी बोटांना चावायला लागलं. स्वयंपाकघरात ताटली पडली की तो आवाज मानेत वाजायचा. बायकोनं एकदा जाता जाता सहज खांद्यावर हात ठेवला तर तो असा दचकला, की तिनं हात मागे घेतला आणि पुढचे काही दिवस त्याला दुरूनच हाक मारली. आणि एक दिवस तर नडगी पलंगाच्या कडेला जराशी घासली आणि डोळ्यांत पाणी आलं.

ही नडगीची गोष्ट त्यानं मेहुण्यासमोर बोलायला नको होती.

"दाजी," मेहुणा सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला, "मान दुखते ते मी समजू शकतो. पण पायानं काय बघितलं होतं मागे वळून?"

बायको हसली. भावाच्या विनोदाला बहीण हसतेच, त्यात तिचा दोष नाही. पण येऊद्यानं ते मनात टिपून ठेवलं.

"शिवाय मी पण त्याच गाडीत होतो," मेहुणा पुढे म्हणाला. हे तो दर भेटीत म्हणायचा, आणि म्हणून झालं की डोकं दोन्ही बाजूंना गरागरा फिरवून दाखवायचा. "त्याच दणक्यात होतो. हे बघा. काय झालंय मला?"

"तू पुढे बघत होतास."

"गाडी चालवणारा पुढेच बघतो, दाजी."

जाता जाता मेहुण्यानं आणखी एक सोडला, "धक्क्यावर जन्म गेला आणि एवढ्याशा धक्क्यानं बसलात होय?" तो जिना उतरेपर्यंत स्वतःच्याच बोलण्यावर हसत होता.

गोदामातही सूर तोच, फक्त शब्द साहेबी. मॅनेजरनं बोलावून घेतलं आणि आधी तब्येत विचारली, म्हणजे पुढे वाईट काहीतरी येणार हे नक्की होतं. "महिनाअखेरीस धक्क्याला मशीन बसवतोय," तो म्हणाला. "ट्रक जवळ आला की टीं टीं वाजतं. अगदीच जवळ आला की सलग वाजतं. तुम्ही त्याआधी बरे झालात, तर तुम्ही धक्क्यावर राहा आणि मशीन राहील मदतीला. नाही झालात तर मग मशीन आहेच. तुम्ही गेटवर आरामात बसा. फिजिओची चिठ्ठी आणा, धक्क्यावर उभं राहायला हरकत नाही म्हणून. नुसतं तोंडी नको."

आरामात बसा. ज्या माणसाच्या शब्दावर दहा चाकांचे ट्रक थांबले, त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आरामात बसायला सांगत होते.

फिजिओ म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाची एक शिडशिडीत बाई. ती त्याला काका म्हणायची आणि गोड बोलत फार त्रास द्यायची. हनुवटी आत ओढा, नावडता माणूस समोर आल्यासारखी. ते त्याला छान जमायचं, मेहुणा डोळ्यांसमोर आणला की झालं. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, दुखायला लागेपर्यंत आणि त्याच्या किंचित पुढे. शेवटी ती एक छोटं यंत्र काढायची. पिस्तुलासारखी मूठ, टोकाला रबराचं गोल बूच, मागे किती दाब पडला त्याचा आकडा दाखवणारी काच. ते बूच मानेवर टेकवून ती हळूहळू दाब वाढवायची.

"नुसतं दाबल्यासारखं वाटेल तोवर गप्प राहायचं, काका. दाबाचं दुखणं झालं, त्या क्षणी बस म्हणायचं."

"बस."

"इतक्यात?"

"तुम्हीच म्हणालात ना, त्या क्षणी."

मानेनंतर ती नडगीवर दाबायची. पहिल्यांदा दाबलं तेव्हा तो म्हणाला, "इथं मला कुणी ठोकलेलं नाही." ती म्हणाली, म्हणूनच इथं बघायचं. जिथं काहीच लागलेलं नाही तिथंही थोडक्या दाबानं दुखत असेल, तर प्रश्न एकट्या मानेचा उरत नाही. पुष्कळ जणांचं होतं असं, काही आठवड्यांत ओसरतं, काहींचं रेंगाळतं. येऊद्याचं रेंगाळत होतं. दर खेपेला ती काचेतला आकडा बघून ओठ मुडपायची. मान थोडीफार वळायला लागली, पण आकडा हलायला तयार नाही. नडगीचा तर मुळीच नाही.

"चिठ्ठी?" तो दर वेळी विचारायचा.

"आकडा एवढा खाली असताना कशी देऊ? उभं राहणं, वळणं, उन्हात दिवसभर. पुन्हा भडकलं तर तुम्हीच मला शिव्या द्याल."

महिना सरत आला तशी येऊद्यानं आपल्यापुरती एक युक्ती काढली. आकडा वर हवा ना? बसच म्हणायचं नाही. त्या दिवशी ती दाबत गेली आणि तो छताकडे बघत राहिला. रबराचं बूच मानेत रुतत चाललं. त्यानं दात आवळले, पायाची बोटं वळवली, मनात ट्रकचे नंबर म्हटले. तिनंच शेवटी हात काढला. आकडा झकास आला होता. पण त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते काही तिला दिसल्याशिवाय राहिलं नाही.

तिनं यंत्र पुसून ठेवून दिलं. त्यानंतर त्याची मान अशी काही पेटली, की त्याला शर्टाची कॉलर सोसेना. घरात तो बनियनवर फिरला, बायकोवर खेकसला, रेडिओ बंद करायला लावला. मेहुण्याचा फोन आला तेव्हा "झोपलोय म्हणून सांग" असं फोनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला.

पुढच्या खेपेला फिजिओनं यंत्र बाहेर काढलंच नाही. समोर स्टूल ओढून बसली.

"काका, हे माझं काम कसं आहे माहितीये का? तुम्ही सांगितल्याशिवाय मला ब्रेक मारता येत नाही. मला आतलं दिसत नाही. तुम्ही बस म्हणालात तरच मी थांबणार."

एवढं ऐकल्यावर येऊद्याचं डोकं फिरलं. सगळ्या जगानं त्याला काहीही शिकवावं, पण हे नाही.

"मला नका सांगू ब्रेकचं," तो म्हणाला. "जन्म गेलाय त्यात. बस म्हणाल्याबरोबर गाडी थांबत नसते, मॅडम. ड्रायव्हरच्या कानात शब्द जाणार, मग त्याचा पाय हलणार, मग चाक थांबणार. तोवर ट्रक हातभर मागे आलेला असतो. ज्याला हे कळत नाही तो धक्का फोडतो. बस नेहमी हातभर आधी म्हणायचं असतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "नेहमी?"

"नेहमी म्हणजे नेहमीच."

"इथं पण?"

खोलीत पलीकडे पडद्याआड कुणीतरी कण्हत गुडघा वाकवत होतं. पहिल्या दिवसापासून येऊद्यानं या पोरीला कितीदा बस म्हटलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक दुखण्याच्या क्षणी होतं की दुखण्याच्या हातभर आधी, हे आता त्याचं त्यालाच सांगता येईना. हळूहळू काहीतरी आपल्याकडे सरकत येतंय, तोंडी इशारा आपण द्यायचाय. मग जीभ आपोआप हिशोब धरूनच हलणार. तिला विचार करायला कुणी सांगावं लागत नाही.

"अरे देवा," फिजिओ म्हणाली. पण रागानं नाही. तिला हसू येत होतं आणि ते ती दाबत होती. "म्हणजे इतके दिवस मी तुमचं काय मोजत होते?"

तिनं कपाटातून एक वायर आणली. यंत्राला जोडायची, टोकाला बटण. बोलायचंच नाही, दुखलं की बटण दाबायचं, आकडा तिथल्या तिथे अडकतो. येऊद्यानं बटण हातात घेतलं, पण अंगठा त्यावर ठेवेना. कारण त्याला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या दोघी एकमेकींच्या सवती होत्या. आकडा वर गेला तर चिठ्ठी मिळणार, धक्का परत मिळणार. पण मग मेहुणा खरा ठरणार, की दाजींचं सगळं दुखणं जिभेवर होतं. आकडा खालीच राहिला तर मेहुण्याचं तोंड बंद, आणि खुर्ची कायमची.

मानेवर दाब वाढला. त्यानं बटण दाबलं. नडगीवर वाढला, पुन्हा दाबलं. तिनं दोन्हीकडे दोन-तीनदा करून बघितलं.

"मानेचा आकडा बराच वर आलाय," ती म्हणाली. "तेवढी तुमची सवय होती. नडगीचा थोडासाच. अजून पुष्कळ खाली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे थोडं तुमचं, थोडं नसांचं. तुम्ही धक्क्यावर जे करता ना काका, तेच तुमच्या नसा करताहेत. एकदा मार खाल्लाय त्यांनी. आता भिंत लांब असतानाच बस म्हणून ओरडताहेत. आणि एकट्या मानेतल्या नाही, सगळ्या अंगातल्या."

"म्हणजे खोटंच दुखतंय म्हणा की."

"खोटं कसं? तुम्ही हातभर आधी बस म्हणालात म्हणून ट्रक खोटा थांबतो का?"

हे त्याला पटलं आणि पटल्याचा रागही आला. "मग त्यांना सांगायचं कसं, अजून जागा आहे म्हणून?"

"सांगून नाही ऐकत. रोज थोडं थोडं पुढे न्यायचं. परवासारखं एकदम भिंतीवर नाही आदळायचं." तिनं चिठ्ठीचं पॅड ओढलं. "अर्धा दिवस देते. तेही मधे मधे बसून. पूर्ण दिवस आत्ता नाही."

"अर्धा दिवस म्हणजे कसं? नुसतं 'येऊ' म्हणू आणि 'द्या' घरी येऊन म्हणू?"

"म्हणा," ती लिहिता लिहिता म्हणाली.

घरी मेहुणा बसलेलाच होता. बायकोनं विचारलं, काय म्हणाली. येऊद्यानं सांगितलं, सगळं, आपल्या जिभेच्या सवयीसकट. जिभेचं गाळता आलं असतं, पण मग बाकीचंही खरं म्हणून ठणकावता आलं नसतं. मेहुण्याला एवढंच हवं होतं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच. थोडं मनाचं आहे."

"मनाचं नाही म्हणाली. नसांचं म्हणाली."

"तेच ते, दाजी. मी पण त्याच गाडीत..." आणि त्यानं डोकं गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"पुरे रे," बायको म्हणाली. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "तुझी मान फिरते ते आम्हाला ठाऊक आहे. आई आजारी होती तेव्हा बरोब्बर दुसरीकडे फिरली होती."

मेहुणा चहा संपवून गेला. येऊद्याला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला फार आनंद होईल. पण त्या वाक्यात त्याच्या मानेबद्दल काहीच नव्हतं. ते बहीण-भावांचं जुनं काहीतरी होतं, त्याच्या दुखण्याचं निमित्त करून वसूल झालेलं.

चिठ्ठी वाचून मॅनेजरनं ती उलटी करून बघितली, उरलेला अर्धा दिवस मागच्या बाजूला लिहिला असावा तशी. मशीन आदल्याच दिवशी बसलं होतं. धक्क्याच्या कडेला काळ्या डबीत लाल दिवा लुकलुकत होता. "अर्ध्याचं काय करायचं मी?" तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं, एक ट्रक लावून दाखवा. बघू या."

ट्रक होता जाड्याचा. जाड्या अंगानं काडी, पण नाव पडलं ते पडलं. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून येऊद्याला सलाम ठोकला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आलं का आमचं मशीन परत?" हमाल फळी घेऊन धक्क्यावर उभे राहिले. मॅनेजर हाताची घडी घालून.

येऊद्या ट्रकच्या अंगाला उभा राहिला. मान पुरती वळेना, म्हणून त्यानं आधी पाय वळवले, मग कंबर, मग उरलेलं मानेवर सोडलं. अर्धं अंग ट्रककडे आणि अर्धं धक्क्याकडे, असा तो कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसत होता. त्यानं थाप मारली. थापेचा हादरा हातातून खांद्यात गेला.

"येऊ द्या, येऊ द्या," तो म्हणाला. ट्रकचा मागचा फळका धक्क्याकडे सरकायला लागला. आजवर ते धूड सरकताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज खांद्यापासून मानेपर्यंत सगळं आखडून आलं, आणि त्यानं ठरवायच्या आत शब्द सुटला. "बस."

ट्रक थांबला. मशीननं अजून टीं सुद्धा केलं नव्हतं. हमालांनी फळी टेकवून बघितली, ती मधेच लोंबली. फळीवाला हमाल येऊद्याकडे बघायचं टाळून फळीकडेच बघत राहिला.

जाड्यानं डोकं बाहेर काढलं. "काय रे, चहाला थांबायचंय का मधे?"

येऊद्याच्या कानशिलात ठणकत होतं. बस म्हटल्यावर आणखी काही म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्यासाठी त्याच्याकडे शब्दच नव्हता. मॅनेजरनं घडी सोडून हात खिशात घातले, म्हणजे तो निघायच्या बेतात होता.

"अजून," येऊद्या म्हणाला.

"ऑं?"

"अजून जागा आहे. अजून येऊ दे. थांब. अजून. थोडं अजून. बस."

फळी बसली. मशीन टीं टीं करत राहिलं, त्याला कुणी विचारलं नाही.

"हे काय नवीन?" जाड्या उतरत म्हणाला. "दोन-दोनदा?"

"आता असंच. दोनदा सांगणार. नसेल जमत तर त्या डबीचं ऐक."

मॅनेजर धक्क्याच्या कडेला वाकून वीत मोजून आला. मग म्हणाला, "सकाळचे ट्रक तुमचे. दुपारनंतर मशीन, आणि तुम्ही गेटवर. पुढचं पुढे बघू."

"पुढचं कोण बघणार? मशीनला दिसत नाही आणि मला वळता येत नाही."

मॅनेजरनं हे ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचा पगार त्यासाठीच होता.

त्या सकाळी येऊद्यानं आणखी ट्रक लावले. प्रत्येकाला आधी बस, मग अजून, मग पुन्हा बस. ड्रायव्हर कुरकुरले, हमालांनी नक्कल केली, एकानं तर फळी उचलतानासुद्धा "अजून, अजून" म्हणून बाकीच्यांना हसवलं. त्यानं त्यांना दोन शिव्या हासडल्या. शेवटच्या ट्रकला खांद्यात निखारा ठेवल्यासारखं झालं होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्याची सकाळही हातची गेली असती.

दुपारी तो गेटकडे निघाला. लांबून खुर्ची दिसली आणि त्याला बरं वाटलं. पाय आपोआप भरभर चालायला लागले. आणि त्या बरं वाटण्याचा त्याला इतका संताप आला, की त्यानं खुर्ची पायानं ढकलून उन्हात नेली, मग पुन्हा ओढून सावलीत आणली, आणि बसला. गेटवर एक ट्रक उभाच होता.

"काय, झालात का बरे?" ड्रायव्हरनं वरून विचारलं.

"अर्धा," येऊद्या म्हणाला. मान वर करायला लागू नये म्हणून तो चाकाकडेच बघत होता. "नंबर बोला."